शुद्धी, ऋण आणि प्रायश्चित्त

याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात द्रव्यशुद्धीचे एक प्रकरण आहे. भांडी, वस्त्रे, धान्य यांच्या शुद्धीचे उपाय सांगता सांगता स्मृतिकार भूमीपाशी येतो आणि तिच्या शुद्धीचे सात मार्ग नोंदवतो : झाडणे, जाळणे, काळ जाऊ देणे, गाईंचा वावर होऊ देणे, पाणी शिंपणे, वरचा थर खरवडून काढणे आणि सारवणे. आजच्या पर्यावरण-अभियंत्याने ही यादी वाचली तर त्याला तीत काही ओळखीचे सापडल्यावाचून राहणार नाही. दूषित माती खणून काढणे, ती जाळणे, ती धुणे, तिच्यावर अभेद्य थर घालून ती झाकणे, आणि काही विषे जिवाणूंकरवी विघटित होईपर्यंत वाट पाहणे, हेच त्याचेही मार्ग आहेत. हे साम्य कुतूहलजनक आहे. पण त्यावरून प्राचीनांना सारे ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. स्मृतिकारापुढे उष्टे, रक्त आणि प्रेत यांच्यामुळे येणारे अशौच होते. पारा आणि क्लोरिनयुक्त रसायने त्याच्या कल्पनेतही नव्हती.

साम्यापेक्षा महत्त्वाची आहे ती त्या ग्रंथाची मांडणी. द्रव्याच्या शुद्धीचा विचार तेथे आचाराध्यायात येतो, ऋणाचा व्यवहाराध्यायात आणि पापक्षालनाचा प्रायश्चित्ताध्यायात. जागा स्वच्छ करणे, देणे फेडणे आणि केलेल्या अपराधाला सामोरे जाणे ही तीन वेगळी कर्तव्ये आहेत आणि त्यांतील एक पार पाडल्याने दुसरे आपोआप पार पडत नाही, हे या विभागणीत गृहीत आहे. कारखान्याने विषारी करून सोडलेल्या जमिनीचे काय करावे, या आजच्या प्रश्नाचा नैतिक गुंता नेमका येथे आहे. या तिन्ही कर्तव्यांना आता एकच शब्द वापरला जातो, ‘सफाई’. आणि सफाई झाली की सारे झाले, अशी सर्वांचीच सोयीस्कर समजूत होऊन बसते.

या समजुतीची कसोटी पाहायची तर भोपाळइतके दुसरे उदाहरण नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातील एका टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट वायुरूपाने शहरावर पसरले. सरकारी नोंदीप्रमाणे मृतांची संख्या पाच हजारांवर आणि बाधितांची पाच लाखांवर गेली. पीडितांच्या संघटनांचे आकडे याहून पुष्कळ मोठे आहेत. त्या रात्रीचा इतिहास सर्वज्ञात आहे. त्यामानाने अज्ञात राहिला तो त्याच भूमीचा संथ इतिहास. १९६९ पासून चाललेल्या या कारखान्यात निरुपयोगी रसायने आवारातच टाकली जात. १९७७ मध्ये आवाराबाहेर बाष्पीभवनाची तळी बांधली गेली आणि सांडपाणी त्यांत सोडले जाऊ लागले. त्या तळ्यांना प्लास्टिकचे अस्तर होते आणि अस्तर फाटते. वायू एका रात्रीत आला आणि वाऱ्याबरोबर गेला; मातीत मुरलेले विष मात्र पावसाच्या पाण्याबरोबर वर्षानुवर्षे खाली उतरत राहिले आणि भोवतालच्या वस्त्यांतील हातपंपांतून वर आले. १९९९ मध्ये ग्रीनपीसने केलेल्या तपासणीत तेथील मातीत पारा आणि भूजलात क्लोरिनयुक्त रसायने आढळली. या वस्त्यांना नळाने शुद्ध पाणी द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २००४ मध्ये, म्हणजे दुर्घटनेनंतर वीस वर्षांनी.

कारखान्याच्या शेडमध्ये गोळा करून ठेवलेला ३३७ टन विषारी कचरा हलवण्यास त्याहून वीस वर्षे अधिक लागली. मधल्या काळात तो कोठे न्यावा याचा शोध चालू होता. गुजरातेतील अंकलेश्वरचे नाव निघाले आणि तेथे विरोध झाला. नागपूरजवळच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचे नाव निघाले, तेव्हा विदर्भातून विरोध झाला. २०१२ मध्ये तो विमानाने जर्मनीत नेऊन जाळण्याचा बेत ठरत आला होता. तोही तेथील विरोधानंतर बारगळला. अखेर मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ रोजी चार आठवड्यांची मुदत घालून दिल्यावर १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंदिस्त कंटेनर कडेकोट बंदोबस्तात धार जिल्ह्यातील पिथमपूरकडे निघाले. पिथमपूरच्या रहिवाशांनी उग्र निदर्शने केली. तरीही जून २०२५ अखेर तो सारा कचरा तेथील भट्टीत जाळून झाला. जाळताना मिसळावा लागणारा चुना आणि इतर द्रव्ये यांमुळे मागे उरलेली राख मूळ कचऱ्यापेक्षा वजनाने अधिक भरली.

या घटनाक्रमात मूर्खपणा कोणाचाच नाही. आणि हेच त्यातील अस्वस्थ करणारे सत्य आहे. अंकलेश्वर, नागपूर, जर्मनी आणि पिथमपूर येथील लोकांनी विचारलेला प्रश्न एकच होता : जे आम्ही केले नाही ते आमच्या दारात का? मराठीत ‘निस्तरणे’ असे एक अर्थपूर्ण क्रियापद आहे. आपण केलेले निस्तरावे लागते तेव्हा ते शासन असते. दुसऱ्याने केलेले निस्तरावे लागते तेव्हा तो अन्याय असतो. आणि एखाद्याने ते आपण होऊन पत्करले तर ती सेवा असते. क्रिया तीच, पण कर्ता आणि त्याची संमती यांनुसार तिचे नैतिक मूल्य बदलते. भोपाळची भूमी काही अंशी स्वच्छ झाली, हे खरे. परंतु घाण एका दारातून उचलून दुसऱ्या दारात ठेवणे याला घरकामातही कोणी स्वच्छता म्हणत नाही. पिथमपूरच्या भट्टीचे तंत्र निर्दोष होते असे घटकाभर मान्य केले, तरी पिथमपूरकरांची संमती कोणी मिळवली, हा प्रश्न धुराड्यातून निघून जात नाही.

शुद्धी या कल्पनेविषयी आणखी एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे, आणि मराठी वाचकाला तिचे स्मरण करून द्यावे लागू नये. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी ओतून ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. स्मृतिग्रंथांतील शुद्धीच्या विचाराने माणसांनाच विटाळ ठरवले होते, ही त्या दहनाची पार्श्वभूमी आहे आणि त्या ग्रंथांचा आधार घेणाऱ्याने ती विसरून चालणार नाही. महाड आणि भोपाळ शेजारी ठेवले की एक विलक्षण विपर्यास दिसतो. महाडला पाण्यात काहीही मिसळले नव्हते आणि समाजाने ते बाटले असे ठरवून तत्काळ शुद्धीचा विधी केला. भोपाळला पाण्यात विष होते आणि ते पिणारे गरीब होते. तेथे शुद्धीची घाई कोणालाच झाली नाही. अपवित्रता डोळ्यांना दिसत नसताना ती पाहणारा समाज, विष दिसत नसले की ते नाहीच असे मानतो. यावरून एक कसोटी काढता येते. शुद्धीचा हेतू ज्यांना ते पाणी प्यायचे आहे त्यांच्या शरीराचे रक्षण हा असेल तर ती धर्म्य; जे दूर राहतात त्यांच्या मनाचे समाधान हा असेल तर तो केवळ विधी.

या कसोटीवर ३३७ टनांची वासलात कोठे उतरते? राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांच्या २०१० च्या अहवालात भोपाळच्या त्या आवारातील दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन असा दिला आहे. म्हणजे जे वाजतगाजत बाहेर काढले गेले ते एकंदर ओझ्याच्या तीन हजारांत एक भागही नव्हते. पोत्यांत भरून ठेवलेले विष दृश्य होते, त्याचे छायाचित्र निघू शकत होते आणि न्यायालयापुढे त्याचा हिशेब देता येत होता. मातीत मुरलेले आणि भूजलात उतरलेले विष या तिन्ही दृष्टींनी गैरसोयीचे. दृश्य तेवढे दूर करून अदृश्य तसेच राहू देणे, ही विधीची लक्षणे होत, रक्षणाची नव्हेत.

शुद्धी किती करावी, हाही केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही. कोडाईकनाल येथील हिंदुस्थान लिव्हरचा पाऱ्याच्या तापमापकांचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला. २००३ मध्ये पारायुक्त काचेचा सुमारे २९० टन कचरा जहाजाने अमेरिकेत परत पाठवला गेला. असे उदाहरण आपल्याकडे क्वचितच आढळते. पण आवारातील मातीचे काय? तेथे किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत पारा राहू देण्याची मर्यादा मान्य झाली. ही मर्यादा फार सैल आहे, कंपनीच्या मायदेशात अशी सवलत मिळाली नसती, असा आक्षेप तेथील कार्यकर्त्यांनी घेतला. पूर्णपणे निर्विष अशी माती कोठेच नसते, त्यामुळे रेषा कोठेतरी ओढावीच लागते, हा तज्ज्ञांचा युक्तिवाद खोटा नाही. मात्र ती रेषा म्हणजे उरलेला धोका कोणी सोसायचा याचा निवाडा आहे. आणि जो निवाडा सोसणाऱ्याला न विचारता दिला जातो तो, अंकगणित कितीही अचूक असले तरी, न्याय नव्हे.

येथून विचार ऋणाकडे वळतो. व्यवहाराध्यायात याज्ञवल्क्याने एक नियम सांगितला आहे : जो मृताचे रिक्थ, म्हणजे मागे राहिलेली मालमत्ता घेईल, त्याने त्याचे ऋणही फेडावे. विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात मिताक्षरा लिहिली. तीमधून हा विचार हिंदू विधिशास्त्रात दीर्घकाळ वावरला. नियमाचे मर्म साधे आहे. धन आणि ऋण ही एकाच वारशाची दोन अंगे आहेत. एक घेऊन दुसरे नाकारता येत नाही.

भोपाळच्या भूमीचा वारसा हातोहात कसा फिरला ते पाहण्यासारखे आहे. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरांची तडजोड झाली. १९९४ मध्ये अमेरिकेतील मूळ कंपनीने भारतीय कंपनीतील आपले भाग विकले. १९९८ मध्ये भाडेपट्ट्याची ती जमीन मध्य प्रदेश शासनाकडे परत आली. २००१ मध्ये मूळ कंपनी डाऊ केमिकलने विकत घेतली. आता यांतील प्रत्येकाचे म्हणणे कागदावर सुसंगत आहे. मूळ कंपनी म्हणते, तडजोड झाली आणि भारतीय कंपनी आता आमची नाही. विकत घेणारी म्हणते, तो कारखाना आम्ही कधी चालवलाच नाही. शासनाला म्हणता येते, विष आम्ही ओतले नाही. प्रत्येक हस्तांतरात धन पुढे गेले आणि ऋण जमिनीवर गळून पडले. ते कोणाच्या पदरी आले, तर ज्यांचे नाव यांतील एकाही कागदावर नव्हते अशा हातपंपावरच्या बायकांच्या. त्याच कार्बाइडच्या अमेरिकेतील ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांसाठी मात्र अब्जावधी डॉलरांची तरतूद नव्या मालकीच्या काळात हिशेबात धरली गेली. तेव्हा रिक्थाबरोबर ऋण येते, हे तत्त्व आधुनिक व्यवहाराला अपरिचित नाही; धनको कोण, यावर त्याची आठवण अवलंबून असते, इतकेच.

भारतीय न्यायालयांनाही हे तत्त्व अपरिचित नाही. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात एच-ॲसिड तयार करणाऱ्या कारखान्यांनी विहिरींचे पाणी तपकिरी करून सोडले. १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, प्रदूषण करणाऱ्यानेच जमीन पूर्ववत करण्याचा खर्च द्यावा, असे निःसंदिग्धपणे सांगितले. पैसे आले नाहीत. तेव्हा २०११ मध्ये न्यायालयाने सुमारे ३७ कोटी रुपयांच्या मूळ रकमेवर चक्रवाढ व्याज आकारले. दुसऱ्याच्या पाण्यात सोडलेले विष ही अपघाताने घडलेली हानी नसून थकलेले कर्ज आहे आणि विलंबाने ते वाढत जाते, हे या व्याजात मान्य केलेले आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियम केले. जबाबदार व्यक्ती निश्चित करून तिच्याकडून खर्च वसूल करण्याची तरतूद त्यांत आहे. नियम उशिरा आला, तरी तो योग्य दिशेचा आहे.

येथे एक आक्षेप येतो आणि तो क्षुल्लक नाही. व्यवहारी माणूस म्हणेल, ऋणकोचा शोध घेत बसलात म्हणूनच चाळीस वर्षे गेली. आधी माती स्वच्छ करा, दोषी कोण ते मागाहून पाहा. दुसरीकडे न्यायाचा आग्रही म्हणेल, शासनाने जनतेच्या पैशाने सफाई केली की दोषी सुटला. म्हणून त्याच्याकडून वसूल होईपर्यंत हात लावू नका. दोन्ही भूमिकांत तथ्य आहे आणि दोन्हींत एकच चूक आहे. शुद्धी आणि ऋण हे एकाच कर्तव्याचे दोन टप्पे आहेत, असे दोघेही मानतात. ती कर्तव्ये वेगळी आहेत असे एकदा मान्य केले की हा पेच सैल होतो. शुद्धी कोणीही करू शकतो आणि ज्याच्या हाती जमीन आहे त्याने ती तत्काळ केली पाहिजे. तहानलेल्या मुलाचे पाणी खटल्याच्या निकालापर्यंत तारण ठेवता येत नाही. परंतु शुद्धीचा दाखला ही ऋणाची पावती नव्हे. शेजाऱ्याने आग विझवली म्हणून आग लावणारा मोकळा होत नाही. उलट आता तो जळालेल्या घराचाही देणेकरी असतो आणि ओतलेल्या पाण्याचाही.

या ऋणात समाजाचा वाटा किती, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. भोपाळच्या भारतीय कंपनीत परदेशी भांडवल निम्म्याहून किंचित अधिक होते. उरलेले भाग भारतीय वित्तसंस्थांचे आणि भागधारकांचे होते. कारखान्यातील कीटकनाशक या देशातील शेतीसाठीच तयार होत होते. तेव्हा दोष केवळ परक्यांवर ढकलणे हेही हात झटकणेच ठरेल. मात्र ‘आपण सर्वच जबाबदार’ हे वाक्य बहुधा कोणीच जबाबदार नाही असे सुचवण्यासाठी उच्चारले जाते. ऋण वाटून घेता येते, पण ज्याने जितके घेतले त्या प्रमाणात. कीड नसलेला दाणा खाणारा आणि धोक्याचे इशारे मिळूनही खर्च वाचवणारा यांचे वाटे समान नसतात.

तिसरे कर्तव्य प्रायश्चित्ताचे. ते मात्र कर्त्यावाचून दुसऱ्या कोणाला करता येत नाही. धर्मशास्त्राने त्याच्या अंगांत ख्यापनाला आणि अनुतापाला स्थान दिले आहे. ख्यापन म्हणजे आपण काय केले ते उघड सांगणे. त्या रात्री भोपाळच्या रुग्णालयांतील डॉक्टर कोणत्या विषाशी झुंजत होते हे त्यांना पुरते ठाऊक नव्हते. कंपनीने पुढे एका असंतुष्ट कामगाराच्या घातपाताचा सिद्धांत मांडला. तिचे प्रमुख वॉरन अँडरसन अटकेनंतर जामिनावर सुटून मायदेशी गेले आणि २०१४ मध्ये निवर्तले. भोपाळच्या न्यायालयात ते उभे राहिलेच नाहीत. २०१० मध्ये भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच जामीनही मिळाला. दंड अपुरा होता, हे सारेच म्हणतात. पण दंडाहून मोठी उणीव ख्यापनाची आहे. पैसा सक्तीने वसूल करता येतो. कबुली सक्तीने मिळवली तर ती कबुली राहत नाही. म्हणून हे तिसरे खाते कोणतेही शासन किंवा न्यायालय बंद करू शकत नाही. ते उघडे आहे, एवढे सांगत राहणे मात्र समाजाच्या हाती असते.

शुद्ध झालेल्या भूमीवर पुढे काय उभारावे, हा प्रश्न याच ठिकाणी उद्भवतो. अमेरिकेतील नायगारा फॉल्स शहरात हूकर केमिकल कंपनीने लव्ह कॅनॉल नावाच्या अर्धवट खोदलेल्या कालव्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला. १९५३ मध्ये ती जागा तिने शाळा-मंडळाला एका डॉलरला विकली. खरेदीखतात रसायनांचा उल्लेख होता. तो अशासाठी की पुढे काही इजा झाल्यास कंपनीवर दावा येऊ नये. तेथे शाळा झाली, भोवती घरे झाली. १९७८ मध्ये तळघरांत आणि अंगणांत रसायने वर आल्यावर आणीबाणी जाहीर करावी लागली. दोन वर्षांनी अमेरिकेने दूषित स्थळांच्या सफाईचा कायदा केला. नोंद दोन हेतूंनी करता येते, हे त्या खरेदीखतावरून दिसते : ओझे उचलण्यासाठी आणि ओझे टाळण्यासाठी. लव्ह कॅनॉलला नोंद होती, पण ती दुसऱ्या प्रकारची होती.

भोपाळला कारखान्याच्या जागी स्मारक व्हावे म्हणून २००५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धाही झाली. कारखान्याच्या भिंतीसमोर आई आणि मूल यांचे एक शिल्प दुर्घटनेच्या पुढच्याच वर्षी उभे राहिले होते. ते घडवणाऱ्या रूथ वॉटरमन परदेशातून आल्या होत्या. शासनाने काही उभारण्यापूर्वी एका परक्या स्त्रीने ते उभारले, ही गोष्ट बोलकी आहे. स्मारकाला विरोध करण्याचे कारण नाही. पण ज्या भूमीखाली विष तसेच आहे तिच्यावर हिरवळ आणि कारंजी करणे, म्हणजे स्मृतिकाराच्या सात मार्गांतील शेवटचा मार्ग, सारवणे, तेवढाच निवडणे होय. सारवलेली जमीन सुरेख दिसते. म्हणूनच ती सर्वांत शेवटी सारवायची असते.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला सातबाराचा उतारा पाठ असतो. त्यातील इतर हक्कांच्या रकान्यात जमिनीवरील कर्जाची नोंद होते, तिला ‘बोजा’ म्हणतात. जमीन विकली तरी बोजा तिच्याबरोबर जातो. पीक उत्तम आले म्हणून तो उतरत नाही. तो उतरतो कर्ज फिटल्यावरच. विषारी करून सोडलेल्या प्रत्येक जमिनीला असा एक रकाना हवा. मातीत काय आहे, ते कोणी ओतले, किती काढले, किती उरले, काढलेले कोणाच्या दारी गेले आणि खर्च कोणी सोसला, हे त्यात लिहिलेले असावे. मग तेथे उद्यान होवो, शाळा होवो की नवे कारखाने होवोत. येणाऱ्या पिढीला पायाखाली काय आहे ते वाचता येईल. माती स्वच्छ करण्याचे काम यंत्रे करतील, काही काळही करील. बोजा मात्र आपोआप उतरत नाही, आणि तो उतरला नसताना उतारा कोरा दाखवणे हा त्या भूमीशी आणि तिच्यावर राहणाऱ्यांशी केलेला दुसरा अपराध होईल.